या नावाचं इथे कुणी नाही

"इस नाम का यहाँ कोई नहीं रहता," असं पोस्टमनला सांगून गुणवंतराव वाळिंब्यांनी दार लावलं आणि ते पुन्हा टेबलाशी येऊन बसले. पोस्टमन नवा होता. त्याच्या हातात पांढऱ्या मांजरपाटात शिवलेलं, जाड पुस्तकाएवढं पार्सल होतं. "उल्का जी का पार्सल है," एवढंच तो म्हणाला होता. फ्लॅटचा नंबर बरोबर होता. पण दिल्लीच्या द्वारकेत सगळ्या सोसायट्यांचे चेहरे सारखे, सेक्टरांचे आकडे सारखे, एकाची गॅसची टाकी दुसऱ्याकडे येते आणि एकाचे पाहुणे दुसऱ्याच्या सोफ्यावर पाणी पिऊन जातात. तेव्हा त्यांना त्यात काही वाटलं नाही. वाटलं ते इतकंच, की नाव चांगलं आहे. हल्ली कुणी ठेवत नाही. त्यांनी मिठाईच्या खोक्यातून एक कोरं कार्ड काढलं. त्यांची सगळी कार्डं लग्नपत्रिकांच्या पाठकोऱ्या भागांतून कापलेली असत आणि मिठाईच्या रिकाम्या खोक्यांत राहत, त्यामुळे त्यांना थोडा तुपाचा वास येई. सरकारी नोकरीत गुणवंतरावांनी तीस वर्षं इंग्रजीत छापलेल्या नावांच्या याद्या देवनागरीत आणल्या होत्या. अमुक गृहस्थ काळे की काले, पाठक की पथक, हे ठरवण्यासाठी खात्यात त्यांच्याकडे कागद येत. निवृत्तीनंतर याद्या संपल्या, पण नावं संपली नाहीत. नाव कुठून निघालं, कुठल्या भाषेत जाऊन काय झालं, हे ते कार्डांवर लिहीत आणि जवळजवळ प्रत्येक कार्डाच्या शेवटी प्रश्नचिन्ह काढत. नोएडाहून रविवारी येणारा त्यांचा मुलगा विश्वास म्हणायचा, "बाबा, तुमच्या डिक्शनरीत बिल्कुल एकच अक्षर आहे, क्वेश्चन मार्क." गुणवंतराव हसत, त्यांनाही ते खरं वाटे. आज मात्र त्यांनी प्रश्नचिन्ह न काढता लिहिलं: 'उल्का. स्त्री. संस्कृत. मशाल, जळते लाकूड. आकाशातून पडणारा तेजोगोल. मराठीत व बंगालीत आढळते. विरळा. प्रथम ऐकले: द्वारका, पोस्टमनकडून.'

शाई वाळायच्या आत बायको खालून भाजी घेऊन आली. तिने चपला काढल्या, पिशवी स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी टेकवली आणि विचारलं, "पोस्टमन आला होता का हो? खाली सायकल दिसली."

"आला होता. कुणा उल्काचं पार्सल घेऊन. दुसऱ्या कुणाचं तरी."

"मग?"

"मग काय, परत पाठवलं."

ती पिशवीतून मेथीची जुडी काढत होती. ती जुडी तिने ओट्यावर ठेवली, पुन्हा उचलली आणि पिशवीत घातली. "असं," ती म्हणाली. "ते माझं होतं."

गुणवंतरावांना आधी शब्द कळले, मग काही वेळाने त्यांचा अर्थ. हातातल्या पेनाचं टोपण त्यांनी उगाचच लावलं आणि काढलं. कुणी वेगळाच माणूस त्यांच्या खुर्चीत बसून हे सगळं करून गेला, असं त्यांना क्षणभर वाटलं. पण खुर्चीत तेच होते. बायको टेबलाशी आली, तिने चष्मा न घालताच कार्ड हाताच्या अंतरावर धरून वाचलं, सबंध वाचलं, शेवटच्या ओळीपर्यंत. "पोस्टमनकडून," ती म्हणाली, आणि कार्ड होतं तिथे ठेवून दिलं. तिचा आवाज चढला नव्हता. बेचाळीस वर्षांत तो क्वचितच चढला होता. "बळवंतदादानं घर आवरायला काढलंय. नानांची निरीक्षणाची वही सापडली म्हणाला. तुला पाठवतो म्हणाला, कुठल्या नावानं पाठवू, असं विचारलंन फोनवर. मी म्हटलं, माझ्याच नावानं पाठव."

माझ्याच नावाने. हे तिने त्यांना सांगितलं नव्हतं, आणि का सांगितलं नसेल हे विचारायची सोय नव्हती. गेले चार दिवस ती अकराच्या सुमाराला गॅलरीत उभी राही, ते त्यांना आता आठवलं. त्यांना वाटलं होतं, उन्हासाठी. डिसेंबरात द्वारकेतले सगळेच म्हातारे उन्हासाठी गॅलरीत उभे असतात.

"आपण पोस्टात जाऊ," ते म्हणाले. "आजच्या आज परत जात नाही. थैली बंद व्हायच्या आत गेलं पाहिजे."

सायकलरिक्षात ती त्यांच्या डाव्या बाजूला बसली. मफलर, स्वेटर, मांडीवर पर्स, पर्समध्ये मतदार कार्ड. मतदार कार्डावर सुमित्रा होती. रेशनकार्डावर सुमित्रा होती, गॅसच्या पुस्तकात, डॉक्टरांच्या फायलीत, सोसायटीच्या पाटीवर सगळीकडे सुमित्रा होती, आणि ते नाव त्यांनी दिलेलं होतं. पुण्यात, लग्नानंतर लक्ष्मीपूजनाच्या वेळी, ताम्हनात तांदूळ पसरून आईने सोन्याची अंगठी त्यांच्या हातात दिली होती. समोर पाटावर ती बसली होती, साताऱ्याच्या विष्णू खांबेट्यांची मुलगी, शाळामास्तरांची. खांबेटे मास्तर, म्हणजे तिचे नाना, मुलांना शास्त्र शिकवत आणि घराच्या गच्चीवरून तारे बघून वहीत टिपणं करत. मुलगी झाली त्या आठवड्यात त्यांनी आकाशात काही पाहिलं असेल, म्हणून उल्का. गुणवंतरावांची आई म्हणाली होती, "आकाशातून तुटून पडतं ते. असलं नाव कशाला घरात?" आणि मग सगळ्यांनी गुणवंतकडे पाहिलं होतं, कारण तो संस्कृत घेऊन एम. ए. झाला होता. अर्थ त्याला ठाऊक होता. उल्का म्हणजे आधी मशाल, अंधारात धरायची. पडणारा तारा हा अर्थ मागून आलेला. एवढं एक वाक्य बोलायचं होतं. ते तोंडात तयार होतं, त्याची चव त्यांना अजून आठवत होती, जायफळाच्या कॉफीसारखी. पण आपलं चुकत असेल तर? आईपुढे, इतक्या माणसांत, चुकीचा अर्थ सांगितला तर? कोशात पुन्हा एकदा बघायला हवं होतं. म्हणून तो म्हणाला, "सुमित्रा बरं आहे." मनात त्याने त्यालाही एक कारण दिलं होतं. बदली दिल्लीला होती. दिल्लीत यशवंताचा जसवंत होतो, विष्णूचा बिशन होतो, वाळिंब्यांतला ळ तर पहिल्याच दिवशी हजेरीपटावरून नाहीसा होतो. सुमित्रा मात्र पंजाबपासून मद्रासपर्यंत कुणाच्या जिभेवर मोडत नाही. जणू तो तिला टिकाऊ कापड निवडून देत होता. अंगठीने तांदळात अक्षरं ओढताना त्र पुन्हा पुन्हा ढासळत होता. तिने मान खाली घातली होती, तरी डोळे ताम्हनावर होते. मग पेढे वाटले.

आणि मग ते नाव त्यांनी एकदाही उच्चारलं नव्हतं. हे त्यांना रिक्षात, एका चौकात लाल दिव्यापाशी थांबले असताना लक्षात आलं. ते तिला 'अगं' म्हणत, ती त्यांना 'अहो'. त्यांच्या पिढीत असंच होतं, त्यात काही विशेष नव्हतं. पण एकाने नाव काढून घ्यायचं, दुसरं द्यायचं आणि तेही वापरायचं नाही; मग दिलं कशासाठी? हजारो नावांची कार्डं केली. कृष्णाचा किशन, लक्ष्मणाचा लखन, कुठला स्वर कुठे गळतो, कुठलं व्यंजन कुठे मऊ होतं. एका भाषेतून दुसऱ्या भाषेत जाताना नावाचं काय होतं ते त्यांना सांगता आलं असतं. साताऱ्याहून लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये येताना काय होतं, याचं कार्ड नव्हतं.

"एक पत्रसुद्धा परत गेलं होतं," ते एकदम म्हणाले. "सुरुवातीला. लक्ष्मीबाई नगरला. तुझ्या नानांचं. जुन्या नावाने आलं होतं. आईने पोस्टमनला सांगितलं, असं कुणी नाही. मी आत वाचत बसलो होतो."

"माहीत आहे," ती म्हणाली.

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे? दोन महिने नानांचं पत्र नाही, आणि मग आलं ते सौ. सुमित्रा म्हणून. त्यानंतर नानांनी कधी मला उल्का लिहिलं नाही. समोर आले तरी 'बाळ' म्हणायचे." रिक्षा निघाली. तिने मफलर कानावर ओढला. "तुम्ही आत वाचत बसला होतात, हे काय मला नवीन आहे होय?"

आत वाचत बसणं. ते चित्र त्यांच्या मनात पक्कं होतं. क्वार्टरची आतली खोली, वेताची खुर्ची, गुडघ्यावर कोश. बाहेर दारात आईचा आवाज, पोस्टमनचं हिंदी, मग दार लागल्याचा आवाज. या चित्रात ते स्वतः नेहमी बसलेले असत, उठलेले नसत. त्याबद्दल त्यांना वाईट वाटे, पण बेताचं वाटे, भित्र्या माणसाला स्वतःबद्दल वाटतं तेवढं.

पोस्टात गर्दी नव्हती. जाळीमागे पन्नाशीच्या एक बाई होत्या, केसांत अबोलीचा लहानसा गजरा. दिल्लीत हा कुठे मिळाला असेल, असं गुणवंतरावांच्या मनात आलं. पुढ्यातल्या पाटीवर विजयालक्ष्मी असं नाव होतं. बायको दाराजवळच्या बाकावर बसली. गुडघे दुखत होते, आणि बहुधा हे काम त्यांचं आहे असं तिने ठरवलं होतं. गुणवंतरावांनी हळू आवाजात सगळं सांगितलं. बाईंनी परतीच्या ढिगातून पार्सल काढलं. त्यावर पोस्टमनने शेरा मारलेला होता.

"एक बजे बैग बंद होता है, अंकल. टाइम पे आए. ये उल्का कौन हैं?"

"जी, मेरी पत्नी."

"और आपने पोस्टमैन को बोला कि इस नाम का कोई नहीं है?"

"जी."

बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. "झगड़ा हुआ था क्या?"

मागे पासबुक घेऊन उभा असलेला माणूस हसला. गुणवंतरावांचे कान तापले. त्यांनी मतदार कार्ड जाळीखालून सरकवलं.

"इसमें तो सुमित्रा लिखा है."

"हमारे यहाँ शादी के बाद नाम बदल देते हैं."

"सरनेम ना?"

"नाम भी."

"पूरा?" बाईंनी दाराकडे, बाकावर बसलेल्या बाईकडे पाहिलं. "अय्यो. हमारे में तो सरनेम होता ही नहीं. मैं विजयालक्ष्मी, बस. नौकरी लगी तो दिल्ली वालों ने पूछा, आगे क्या? मैंने अप्पा का नाम बोल दिया, विनायगम. अब पच्चीस साल से पूरा पोस्ट ऑफिस मेरे को मिसेज़ विनायगम बुलाता है. मैं बोलती हूँ, यार, वो मेरे हस्बैंड नहीं हैं, मेरे अप्पा हैं!"

मागचा माणूस पुन्हा हसला. विनायकाला तमिळमध्ये शेवटी म् लागतो आणि क मऊ होतो, हे गुणवंतरावांच्या डोक्यात आपोआप येऊन गेलं. कार्डाची जागासुद्धा ठरली. आणि त्यांना स्वतःचा इतका कंटाळा आला, की त्यांनी जाळीचा गज धरला.

"आप लिख के दीजिए," बाई म्हणाल्या. "कि ये दोनों एक ही हैं. आप हस्बैंड हैं, आपका लिखा चलेगा. फिर वो साइन करेंगी."

त्यांनी कोऱ्या कागदावर लिहायला घेतलं. 'मैं, गुणवंत वाळिंबे, यह घोषित करता हूँ'. ळ तसाच लिहिला. कारणापाशी आले आणि थांबले. कारण काय लिहायचं? विवाह. विवाहाने कुणाचं नाव बदलत नाही. बदलणारी माणसं असतात. त्यांनी पुष्कळ वेळ घेतला, शेवटी 'विवाह' असंच लिहिलं आणि सही केली. बाईंनी कागद उजेडाकडे धरला. "क्या हैंडराइटिंग है, अंकल! छपा हुआ लगता है. ये ह का जो पूँछ घुमाते हैं ना आप, बहुत सुंदर." अक्षरासाठी त्यांना शाळेत बक्षीस मिळालं होतं. बाकी कशाबद्दल त्यांना कधी खात्री वाटली नव्हती, अक्षराबद्दल वाटे. ते कसंनुसं हसले. "बुलाइए उनको," बाई म्हणाल्या.

ते वळले. बाक दहा पावलांवर होता. ती काचेतून बाहेर, सायकलींच्या रांगेकडे बघत होती. हाक मारायची होती. 'अगं' ही हाक पोस्टाच्या त्या थंड खोलीत एवढ्या अंतरावर पोचेल असं त्यांना वाटेना. आणि दुसरी हाक, जी पोचली असती, ती त्यांच्या तोंडात तयार झाली आणि तिथेच राहिली, ताम्हनापुढे राहिली होती तशी. ते चालायला लागणार, तेवढ्यात मागून बाईंनीच मोठ्याने हाक मारली, "उल्का जी!"

आणि ती उठली. दचकली नाही, इकडेतिकडे पाहिलं नाही, ही कुणाला हाक असं तिला वाटलं नाही. मधली बेचाळीस वर्षं कुणी तिला दुसरं काही म्हटलंच नसावं, तशी ती गुडघ्यावर हात टेकून उठली आणि जाळीपाशी आली. सही करताना तिने पेन घट्ट धरलं. उल्का विष्णू खांबेटे. अक्षरं मोठी, गोल, अकरावीतल्या मुलीची. तिचं एरवीचं अक्षर म्हातारं झालं होतं, या सहीतलं मात्र झालं नव्हतं.

परत येताना पार्सल तिच्या मांडीवर होतं. घरी आल्यावर तिने आधी मेथी निवडायला घेतली, वरणाचा कुकर लावला आणि मग ओले हात पदराला पुसून टेबलाशी येऊन बसली. त्यांची कार्डं एका बाजूला सारून तिने पार्सल ठेवलं आणि कात्रीने शिवण उसवली. आत काळ्या कापडी बांधणीची वही होती. तारखा, वेळा, ढगांच्या नोंदी, बारीक आकृत्या. ती पानं उलटत थांबत होती. वहीच्या मधोमध एक पाकीट होतं, न फोडलेलं, पिवळं पडलेलं. वर मास्तरांच्या किरट्या अक्षरात पत्ता: सौ. उल्का गुणवंत वाळिंबे, लक्ष्मीबाई नगर, नवी दिल्ली. पत्त्यावर तिरपी रेघ. आणि रेघेच्या खाली हिंदीत, निळ्या शाईत, छापल्यासारखं एक वाक्य: 'इस नाम का यहाँ कोई नहीं है.'

गुणवंतराव ते वाक्य वाचत राहिले. क्वार्टरची आतली खोली, वेताची खुर्ची, गुडघ्यावर कोश. चित्र अजून होतं, फक्त खुर्ची रिकामी होती. दारात आई म्हणत होती, "अरे गुणवंता, लिहून दे रे त्याला, मला हिंदी येत नाही," आणि पोस्टमनने पाकीट दाराच्या चौकटीवर धरलं होतं, आणि ह ची शेपटी वळवायला जागा कमी पडू नये म्हणून त्यांनी 'इस'वरून सुरुवात जरा डावीकडे घेतली होती. तेवढी काळजी घेतली होती. मास्तरांकडे गुणवंतरावांची पत्रं होती, लग्न ठरतानाची. अक्षर त्यांनी पाहताक्षणी ओळखलं असणार. पाकीट फोडायचं मास्तरांना कारण नव्हतं, आत काय आहे ते त्यांनीच लिहिलं होतं. ते त्यांनी त्या आठवड्याच्या पानात ठेवून दिलं, आणि मेले तोवर मुलीला काही सांगितलं नाही.

बायकोने पाकीट उजेडात धरलं. मग टेबलावरचं सकाळचं कार्ड उचललं आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवली. बराच वेळ बघत होती. गुणवंतरावांना वाटलं, आता काहीतरी बोललं पाहिजे. माफी असा शब्द त्यांच्या डोक्यात आला; तो अरबी आहे, हेही त्याच्या मागोमाग आलं.

"तुमचं अक्षर तेव्हापासून असंच आहे," ती म्हणाली. "जराही बदललं नाही."

कुकरची शिट्टी झाली. तिने मनातल्या मनात मोजली असावी, कारण ती उठली नाही. तिने कात्रीचं टोक पाकिटाच्या कडेला घातलं आणि सावकाश, कागद न फाटू देता ते उघडलं. आत एक दुमडलेला कागद होता, दोन्ही बाजूंनी लिहिलेला. तिने तो उलगडला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, आणि त्यांच्यापुढे ठेवला.

"मला लागत नाही. नानांचं अक्षर बारीक आहे. तुम्ही वाचा."

त्यांनी चष्मा पुसला. कागद त्यांनी टेबलावर ठेवून दोन्ही बाजूंनी बोटांनी दाबून धरला. वर श्री होती, डावीकडे सातारा, तारीख. ते त्यांनी वाचलं. मग म्हणाले, "पुढे असं आहे, की तुझं पत्र पोचलं, खुशाली कळली—"

"अहो, मधली एक ओळ राहिली."

"मायना आहे."

"तोच वाचा आधी," ती म्हणाली. दुसरी शिट्टी झाली. ती गॅस बारीक करायला उठली आणि स्वयंपाकघराकडे जाऊ लागली. तिची पाठ त्यांच्याकडे होती. जाताना तिने पाऊल जरा हळू केलं, किंवा गुडघा दुखत असेल. गुणवंतरावांनी ओळीवर बोट ठेवलं.

"चिरंजीव सौभाग्यवती," ते म्हणाले, आणि थांबले. मग कागदावरचं बोट काढून, तिच्या पाठीकडे बघत त्यांनी ते नाव घेतलं. आवाज फार लहान निघाला. म्हणून त्यांनी ते पुन्हा घेतलं.

"उल्का."

"ओ," ती स्वयंपाकघरातून म्हणाली.

गॅस बारीक झाल्याचा आवाज आला. ती लगेच बाहेर आली नाही. नळ सोडला, बंद केला. मग पदराने हात पुसत येऊन ती समोरच्या खुर्चीवर बसली आणि त्यांनी पुढचं वाचायला घेतलं. पुढे साताऱ्याचं हवापाणी होतं, गच्चीच्या दुरुस्तीचं काही होतं, आणि थंडी पडली असेल तर कान बांधून जात जा, असं होतं.